कूलरसमोर बसवलेला कोतवाल

परत येऊन आठवडा होऊन गेला तरी माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं मी ठरवलं आहे. शांत डोक्यानं लिहिलेली प्रवासवर्णनं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत डोंगर असतात, सूर्यास्त असतात आणि माणसं लांबून हात हलवत उभी असतात. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात माणसं लांब उभी राहत नाहीत. हात धरून घरात नेतात आणि पोटात जागा नसली तरी ताट वाढतात. याच चांगुलपणानं एका मोठ्या नटाला कसं कोंडून घातलं, ते मला सांगायचं आहे.

नटाचं नाव उकर्डाजी. पुण्यातल्या वाचकाला हे नाव ऐकून हसू येईल, म्हणून आधीच सांगतो. आधीची लेकरं वाचली नाहीत की आमच्याकडे नव्या बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून उचलून आणत. टाकून दिलेल्याला मृत्यूही हात लावत नाही, अशी समजूत. उकर्डाजी असे वाचले आणि घाटाखालच्या न् घाटावरच्या गावागावांत नाटकं करत म्हातारे झाले. टीव्हीवर ते कधी दिसले नाहीत. त्यांचं काम एकच, कोतवालाचं. नाटक पौराणिक असो की सासू-सुनेचं, मध्यंतराच्या आधी प्रेक्षकांच्या मागून डबा वाजायचा, लोक माना वळवायचे आणि बायकांच्या रांगेतून वाट काढत कोतवाल यायचा. मग त्याची दवंडी. तिचा नाटकाशी काही संबंध नसायचा, संबंध असायचा गावाशी.

मी मोताळा तालुक्यातला. रोहिणखेडच्या जत्रेत, बापाच्या खांद्यावर बसून मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आमचे एक मास्तर शाळेसमोर सायकल उभी करून मलकापूरच्या बाजाराला जायचे. सायकल दिसली की लोकांना वाटायचं, मास्तर आत आहेत. उकर्डाजींनी डबा वाजवला आणि ओरडले, "ऐका हो ऐका! आजपासून दुसरीचा वर्ग मास्तरची सायकल घीन! पोट्टेहो, घंटी वाजली का पाढे म्हना!" मास्तर समोरच बसले होते. सगळं गाव हसलं, शेवटी मास्तरही हसले. पुढच्या आठवड्यापासून ते वर्गात दिसू लागले. जे काम साहेबाच्या तपासणीनं झालं नव्हतं, ते एका डब्यानं केलं.

पुढे मी पुण्याला गेलो. आठवडी बाजारात बादल्या विकण्यापासून सुरुवात केली आणि आज जुन्या हॉटेलांचं फर्निचर, भट्ट्या, भांडी घेण्या-विकण्याचा धंदा आहे. बंद पडणाऱ्याकडून घ्यायचं आणि उघडणाऱ्याला द्यायचं. पुण्यात कोणी ना कोणी सतत दोन्ही करत असतं. सुरुवातीला एका गिऱ्हाइकाला मी "मले परवडत नाही" म्हणालो, तर त्यानं सोबतच्याला कोपरखळी मारली. त्या दिवसापासून मी सौदा पुण्याच्या मराठीत करतो. भांडतो मात्र माझ्याच मराठीत.

मागच्या हिवाळ्यात एका नाटकाला गेलो होतो. त्यात घरगडी वऱ्हाडी बोलत होता. त्याचं वाक्य संपायच्या आत लोक हसत होते. तो पोरगी लग्नाला नाही म्हणाल्याचं सांगत होता, पण ते ऐकायची त्यांना गरजच नव्हती. मध्यंतरात शेजारच्या गृहस्थांशी माझं चांगलंच वाजलं. ते म्हणाले, "अहो, भाषाच गोड आहे ना, म्हणून हसतो." मी म्हणालो, "तुमची पोरगी लग्नाले नाई म्हनली तं तवा बी असंच गोड हासा." ते उठून दुसरीकडे जाऊन बसले.

अशा मनःस्थितीत मला उंद्रीच्या मावसभावानं, श्रीरामनं, फोनवर एका पत्रिकेचा फोटो पाठवला. एका गावची चैत्रातली जत्रा. 'ज्येष्ठ रंगकर्मी श्री. उकर्डाजी यांचा भव्य सत्कार.' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत ऑर्केस्ट्रा. नाटकाचा उल्लेखच नाही. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या जत्रेला नाटक होत आलं आहे. मी श्रीरामला फोन लावला.

"नाटक काऊन नाई बे?"

"पोट्टे म्हनतात, कोन पाह्यते आता नाटक. पन म्हाताऱ्याले पाच-दहा मिंटं देल्ली हायेत म्हने, दवंडीसाठी. गुडघे गेले त्याचे. यंदाची शेवटचीच समज."

मी गाडी काढली.

देऊळगाव राजा

जालन्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिथून पुढे जमीन काळी व्हायला लागते आणि माणसांच्या बोलण्यात मराठवाडा थोडा थोडा कमी होत जातो. गव्हाची शेतं कापून झाली होती. रिकाम्या रानात नुसती बाभळीची सावली आणि तिच्यात बसलेल्या शेळ्या. लिंबाला मोहर आला होता. त्याचा कडसर वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येत होता.

देऊळगाव राजाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला टरबुजांचा ढीग दिसला. श्रीरामच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून थांबलो. ढिगाजवळ पटक्याचं टोक तोंडावर घेतलेला एक माणूस पडला होता. मी धंद्यातला माणूस. आधी टरबुजाला नाव ठेवलं, मग रस्त्याला, मग उन्हाला. तो उठला, काही न बोलता एक टरबूज फोडलं आणि माझ्या हातात फोड दिली.

"पह्यले खा. मंग भांडा."

मी खाल्लं. त्यानं दुसरी फोड दिली. मी भाव विचारला. तो म्हणाला, "तुमी कुठले?" मी रोहिणखेडकडचा म्हणालो. "मंग पाहुनेच हाये ना," म्हणत त्यानं तिसरी फोड दिली. ज्या मुलखात विकणारा आधी खाऊ घालतो, तिथे घासाघीस कशाची करायची? त्यानं सांगितला तो भाव मुकाट्यानं दिला आणि चिखलीपर्यंत स्वतःवरच चिडत गेलो. पुण्यात मी असा कधी हरलेलो नाही.

उंद्री

श्रीरामच्या घरी पोचलो तेव्हा त्याच्या बायकोनं वांगी भाजायला टाकली होती. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कच्च्या कैरीचा ठेचा. पुण्यात पाहुण्याला विचारतात, "थोडं वाढू का?" इथे विचारत नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढतात.

उकर्डाजी उंद्रीपासून जवळच लेकीकडे राहतात. त्यांना भेटून, सोबत घेऊन जत्रेच्या गावी जायचा माझा बेत होता. पण कालच पांढरी गाडी येऊन त्यांना घेऊन गेली होती.

"कालच?" मी विचारलं. "कार्यक्रम तं आज संध्याकाळी हाये."

"इज्जतीनं नेलं, भाऊ," श्रीराम म्हणाला. "गाडीले हार गुंडायले व्हते."

मला बरं वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो. वाटलं, चला, मान तर ठेवला.

जत्रेचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. राग चार जणांवर आहे, गावाची बदनामी कशाला करू? गाव चांगलं आहे. देवळामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायला टाकलेले होते. कणकेचे ते जाडजूड गोळे राखेतून काढायचे, झटकायचे, फोडून त्यात तूप सोडायचं आणि वरणासोबत खायचे. सगळ्या गावासाठी एकच आर. राबणारे हातही सगळ्या घरांतले. गोवऱ्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते आणि भूक नसताना तोंडाला पाणी सुटत होतं.

उकर्डाजींना शाळेच्या एका खोलीत ठेवलं होतं. बाहेर खुर्च्या टाकून दोन जण बसलेले.

"कोनालेच आत सोडाचं नाई," एक म्हणाला. "बबनभाऊनं सांगतलं. बुवा आराम करून राह्यले."

बबनभाऊ म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष. पांढरे कपडे, कपाळाला गुलाल, बोलणं मधासारखं. ते आले आणि मी पुण्याहून खास या कार्यक्रमासाठी आलोय म्हटल्यावर खूश होऊन मला आणि मोटारसायकलवर मागून आलेल्या श्रीरामला आत घेऊन गेले.

खोलीत मोठा कूलर धडधडत होता. त्याच्या अगदी समोर, शालीत गुंडाळलेले, कानाला मफलर बांधलेले उकर्डाजी चैत्रात कुडकुडत बसले होते. टेबलावर सफरचंदं, काजू, बाटलीतलं पाणी. मी पाया पडलो. रोहिणखेड, मास्तर, सायकल, सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

"तो मास्तर मेला बाप्पा मंग. लई चांगला मानूस. मरेपर्यंत मले दिवाळीले फराळ धाडे."

बबनभाऊ कुठल्या तरी फोनसाठी बाहेर गेले, तसे म्हातारे माझ्याकडे वाकले.

"शेठ, मले इथून काहाडा. पोरगं चांगलं हाये, पन कालपासून मले हालूच देऊन नाई राह्यलं. जेवन इथं, चहा इथं. भाएर निंघालो का म्हनते, बुवा, ऊन लागन. आता सांगा, म्या दवंडी कशाची देऊ? ह्या कूलरची?"

मला आधी कळलं नाही. श्रीरामनं समजावलं. उकर्डाजींची दवंडी लिहिलेली कधीच नसते. ज्या गावात नाटक, त्या गावात ते सकाळीच जायचे आणि दिवसभर घरोघर चहा प्यायचे. वरच्या आळीत, खालच्या आळीत, बौद्ध वस्तीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात. कुणाला काही विचारायचं नाही. चहा प्यायचा आणि ऐकायचं. संध्याकाळी त्या चहातूनच दवंडी निघायची. आणि कमिटीनं अतिशय आदरानं, सत्कारमूर्ती दमू नये म्हणून, त्यांना गावापासून तोडून ठेवलं होतं. सुताराला मखमलीवर बसवून लाकूडच लांब नेऊन ठेवावं, तसा प्रकार.

वर बबनभाऊंनी एक छापील कागदही दिला होता. "बुवाले आता कुठं आठवते, म्हनून आमीच लिहून ठेवलं," असं त्यांनी परत आल्यावर मला अभिमानानं सांगितलं. त्यात वर्गणीदारांची नावं, प्रमुख पाहुण्यांचे आभार आणि प्रत्येक ओळीच्या आधी 'ऐका हो ऐका'.

उकर्डाजी हळूच म्हणाले, "हे तं लग्नातले आहेर वाचाचं काम हाये."

माझं डोकं तापलं. पण धंद्यानं मला एक शिकवलं आहे, जे हवं ते पहिल्यांदा मागायचं नाही. मी बबनभाऊंना बाजूला घेतलं आणि आवाज चढवून म्हणालो, "ऑर्केस्ट्रा रद्द करा. नाटक लावा."

ते हादरलेच. "असं कसं म्हनता भाऊ? सुपारी देल्ली, पोट्टे आले, मांडव पडला."

"मग निदान दवंडीला एक तास द्या."

"तास? पावने येऊन राह्यले, त्याईचं भाषन हाये."

"मग पाहुण्यांचं भाषण कापा."

आता त्यांना घाम फुटला. मी उसासा टाकला, टोपी काढून पुन्हा घातली, आणि सगळं सोडून दिल्यासारखा म्हणालो, "जाऊ द्या. मग त्यांना गावातून एक चक्कर तरी मारू द्या. तुमचा माणूस सोबत पाठवा."

"मंग घ्या ना, एकच काय," बबनभाऊ सुटल्यासारखे म्हणाले. "पन टोपी घाला त्याईले."

चहा

श्रीरामच्या मोटारसायकलवर मागे उकर्डाजी, आणि मी त्यांच्यामागे उन्हात पायी. बबनभाऊंचा माणूस पहिल्याच घरी सावलीत बसला तो बसलाच.

ते घर दोन भावांचं. थोरला दगडू, धाकटा समाधान. अंगणात मधोमध नवी कोरी भिंत. लिंबाचं झाड दगडूच्या बाजूला आणि दुपारनंतर त्याची सावली समाधानच्या बाजूला. आम्ही दगडूकडे चहा प्यालो. तो भिंतीकडे पाहत पावसाबद्दल बोलला. मग बाहेरून वळसा घालून आम्ही समाधानकडे गेलो. तोही भिंतीकडे पाहत पावसाबद्दलच बोलला. उकर्डाजींनी फक्त एक प्रश्न विचारला, "पोरं कुठं हायेत रे?" समाधानची बायको म्हणाली, "असतीन तिकडंच, भिंतीवर. दोघायची बी तिथंच बसतात. जेवाले बी खाली उतरत नाईत."

पुण्यात कुणाच्या घरी जायचं तर आधी फोन करावा लागतो, आणि फोन का केला हे सांगायला आणखी एक फोन. इथे आम्ही नुसते दारासमोरून गेलो की आतून हाक येत होती, "उकर्डाजी ना हो? या, या! कवा आले? दिसले नाई!" प्रत्येक घरी हाच प्रश्न, आणि प्रत्येक घरी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल होत होती. कप भरून, बशीत सांडेल इतका चहा. माझ्या पोटात जागा उरली नाही. त्यांच्या होती.

बौद्ध वस्तीत गोकुळाबाईच्या दारात बसलो. तिथे नवा चकचकीत नळ होता आणि नळाच्या मानेत वाळलेला झेंडूचा हार.

"पानी येते का वो बाई?" श्रीरामनं विचारलं.

"पानी नाई येत," गोकुळाबाई म्हणाली. "पन नळ लई चांगला हाये, भाऊ. दोन डाव त्याले हार घातले. पह्यले निवडनुकीच्या आधी अन् मंग निवडनुकीच्या बाद. आमच्या जावयाले बी एवढे हार नाई पडले."

उकर्डाजी इतके हसले की चहा नाकात गेला. पाठ थोपटून पाणी द्यावं लागलं, आणि ते पाणी गोकुळाबाईनं हापशावरून आणलेलं होतं.

परतताना मी विचारलं, "काय काय लक्षात ठेवलंत?"

"लक्षात काय ठेवाचं, शेठ? चहा प्यालो." ते मोटारसायकलवर ताठ बसले होते. मफलर त्यांनी कुठल्या तरी घरी काढून ठेवला होता.

मांडव

ऊन उतरलं, मांडव भरला आणि पाहुण्यांची वाट पाहणं सुरू झालं. पाहुणे म्हणजे ज्यांनी नळाला हार घातले तेच नेते. ते येईपर्यंत शहरातून आणलेला निवेदक लोकांना हसवत होता. कशावर? आमच्याच भाषेवर. "काय रे भौ, मले-तुले, मले-तुले!" असं तो तोंड वाकडं करून म्हणत होता, आणि सगळ्यांत चीड येण्यासारखी गोष्ट ही की पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या देत होती. स्वतःच्या आईच्या बोलण्यावर टाळ्या! पुण्यात निदान परके हसतात.

नेते आले. भाषण झालं. त्यात रस्ते होते, पाणी होतं, आणि शेवटी "आपले लाडके उकिर्डाजी" होते. नाव चुकलं ते चुकलंच. शाल, श्रीफळ, फोटो. फोटोत म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर तीन हात. तोवर ऑर्केस्ट्रावाले तारा जोडून तयार झाले होते. बबनभाऊ उकर्डाजींच्या कानाशी लागले, "बुवा, पाच मिंटात आटपा. कागद वाचा फक्त."

उकर्डाजी उठले. शाल खुर्चीवर ठेवली, कागद शालीवर ठेवला, माइककडे पाठ केली आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले. श्रीरामनं डबा दिला. बायकांच्या रांगेतून वाट झाली. डबा वाजला, आणि काय सांगू! कूलरसमोर कुडकुडणारा तो म्हातारा कुठे गेला कळलं नाही. मान वर, एक भुवई चढलेली, आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा आवाज.

"ऐका हो ऐका! गावात एक नवं गाव बसलं हाये! दगडूच्या अन् समाधानच्या भितीवर! तिथं चार लेकरं राहतात, एकाच ताटात जेवतात! ज्याले भाऊबंदकी सोसत नशीन, त्यानं भितीवर राहाले जावं! वर चढाले निसनी दगडूनं द्यावी, समाधाननं धरावी!"

हशा उसळला. दगडू मांडवाच्या एका टोकाला, समाधान दुसऱ्या. दोघांच्याही माना खाली, आणि दोघांचेही खांदे हलत होते.

"ऐका हो ऐका! गोकुळाबाईच्या दारी जावई आला हाये! लोखंडी हाये, मुका हाये, दोन डाव हार घेतले, पानी पाजत नाई! ज्यानं हार घातले त्यानंच त्याले बोलतं करावं, नाई तं घरजावई म्हनून संग न्यावं!"

आता हशा नव्हता, गर्जना होती. गोकुळाबाई तोंडाला पदर लावून उठून उभीच राहिली. नेत्यांनी बबनभाऊंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"ऐका हो ऐका! बबननं एक कोतवाल धरला..."

बबनभाऊंनी हात हलवला आणि भोंग्यांतून ऑर्केस्ट्राचा ठेका सुटला. जमीन हादरावी इतका. उकर्डाजींचे ओठ हलताना दिसत होते, शब्द नाही.

मी धावलो. ध्वनियंत्रापाशी बसलेल्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला माझ्या मराठीत जे सुनावलं ते छापता येणार नाही. बबनभाऊ मध्ये पडले. "भाऊ, समजून घ्या, पावने नाराज होतीन, गावाचे कामं अडतीन!" मी म्हणालो, "कोनते कामं? नळाचे?" आमची अशी ओढाताण चालली असताना ठेका धडधडतच होता. मी त्यांच्याशी भांडलो, निवेदकाशी भांडलो, तारा ओढायला गेलो. मला दोघांनी धरून ठेवलं.

मग मान वळवली तर अर्धा मांडव रिकामा.

उकर्डाजी थांबलेच नव्हते. भोंग्याशी स्पर्धा त्यांनी केलीच नाही. डबा काखेत मारून ते मांडवाबाहेर पडले होते आणि गल्लीत शिरले होते. दवंडी मुळात गल्लीतच द्यायची असते ना! बायका आधी उठल्या, मग म्हातारे. पुढच्या रांगेतली पोरं बसून राहिली, हेही सांगतो. खोटं लिहीत नाही. पण त्यातलीही काही मागाहून पळत आली. भोंगा मागे पडला तसा डबा ऐकू येऊ लागला. चौकात थांबून त्यांनी राहिलेली दवंडी पुरी केली.

"बबननं एक कोतवाल धरला! त्याले सफरचंद चारले, थंडी वाजवली, कुलपात ठेवला! उद्यापासून गावची राखन सफरचंदं करतीन! चोर आला का सफरचंदाले उठवजा!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी हसलो नाही. माझं भांडण अजून संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आम्ही शाळेतच झोपलो. सकाळी निघायची घाई मला. पुण्यात एका बंद पडलेल्या खानावळीचा सौदा अडला होता. पण उकर्डाजी शाळेच्या पायरीवर बसून राहिले.

"चला बुवा, ऊन चढतंय."

"थांबा. चहा येऊ द्या."

श्रीराम म्हणाला, "ज्याचं नाव दवंडीत आलं, त्याच्या घरून सकाळी चहा येते, भाऊ. म्हनजे राग नाई म्हनून. पह्यलेपासून हाये हे."

दगडूकडून किटली आली. तिच्या मागोमाग समाधानकडून दुसरी. आणणारी पोरं एकत्रच आली. गोकुळाबाई स्वतः आली, तिनं गूळ घालून केला होता. नेत्यांची गाडी तर रात्रीच गेली होती. उकर्डाजींनी त्यांची वाटही पाहिली नाही. पण ते उठेनात. पायरीवर बसून देवळाकडच्या रस्त्याकडे पाहत होते.

"कोणाची वाट पाहता? बबनभाऊंची?" मी चिडलो. "त्या माणसानं तुमच्या तोंडावर भोंगा लावला! त्याच्या घरचा चहा कशाला हवा?"

"नाव घेतलं म्या त्याचं," ते शांतपणे म्हणाले. "या गावात नाव घेतलं अन् चहा आला नाई, असं झालं नाई आजलोक. आता नाई आला तं मंग दवंडी नाई राह्यली शेठ, शिवीच झाली ते. शेवटच्या डावाले शिवी देऊन जाऊ का?"

उन्हं पायरीवर आली. ते पाय आखडून सावलीत सरकले. पुन्हा सरकले. मग सावली संपली. तेव्हा ते भिंतीला धरून उठले आणि चालू लागले. मी गाडी आणतो म्हणालो, तर नको म्हणाले.

बबनभाऊंच्या ओट्यावर मंडळी बसली होती. ऑर्केस्ट्रा किती छान झाला यावर बोलणं चाललं होतं. म्हाताऱ्यांना पाहून दोघा-तिघांनी सरकून ओट्यावर जागा केली. उकर्डाजी पायरीशी उभे राहून धापा टाकत म्हणाले, "बबन, चहा राह्यला बाप्पा तुह्या घरचा."

बबनभाऊ उठले. "बुवा... ते... धावपळ..."

तेवढ्यात त्यांची आई आतून आली. हातात बशीनं झाकलेला पितळी पेला.

"दिवस निंघाल्यावरच मांडला व्हता मी, उकर्डाभाऊ," ती म्हणाली. "यानं नेऊ देल्ला नाई. म्हने, पावन्याईले कळन. तवापासून चुलीवर ठुला, गरम करून राह्यली."

उकर्डाजी ओट्यावर बसले. इतक्या वेळा उकळून काळाकुट्ट झालेला तो चहा त्यांनी अर्धा बशीत ओतला, फुंकला आणि सावकाश, बशी रिकामी होईपर्यंत प्याले. बबनभाऊ खाली पायरीवर बसले होते, मान खाली घालून. म्हाताऱ्यांनी बशी त्यांच्या हातात दिली आणि पेल्यात उरलेला चहा तिच्यात ओतला.

"घे. तू बी घे."

बबनभाऊ प्याले.

म्हातारी माझ्याकडे वळली. "पावने, तुमाले टाकू थोडा?"

"नको," मी म्हणालो, आणि गाडी आणायला निघालो.